बिऱ्हाडगाडीचे बारा बुश

पोपटच्या गाडीत कामरेजला दुधाची पिशवी ठेवली, तर बमरोलीत पोचेपर्यंत तिच्यात लोणी तयार असायचं. ताक खाली, लोणी वर. आमच्या उषाबाईने त्या लोण्याचं तूप कढवलं आणि त्या तुपावर अख्खं वर्ष काढलं. तिला विचाराल तर ती नाही म्हणेल. बायको आहे माझी, पण तिची स्मरणशक्ती पहिल्यापासून बेताचीच.

गाडी म्हणजे एका शाळेची जुनी मिनीबस. मुलं पोचवून पोचवून थकली, तेव्हा पोपटने ती घेतली आणि आतले बाक काढून घर बसवलं. मागे पलंग, पलंगाखाली गव्हाची पेटी, खिडकीशी दोघांपुरतं टेबल, शेगडी, सिलिंडर, दोनशे लिटरची पाण्याची टाकी. बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो चार-चार स्क्रूंनी पक्का. दारावर रंगाऱ्याकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं, ‘बिऱ्हाड’. तेव्हापासून सगळी गल्ली तिला बिऱ्हाडगाडी म्हणते.

पोपटला ती गाडी कशाला हवी होती, ते सांगतो. तो पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये डाइंगला, कायम रातपाळी. त्याची बायको आनंदीवहिनी त्याच मिलमध्ये फोल्डिंग खात्यात, कायम दिवसपाळी. बारा-बारा तासांची पाळी, अशी सव्वीस वर्षं. सकाळी सातला तो फाटकातून बाहेर यायचा, ती आत जायची. फाटकाशी रिकामा डबा इकडून तिकडे, भरलेला तिकडून इकडे, आणि खोलीची किल्ली. एवढाच संसार. सुट्टी आली तरी दोघांनी एकमेकांना झोपलेलं जास्त पाहिलं, जागं कमी. निवृत्त झाल्यावर पोपट म्हणाला, “हिलाल, मला फक्त एवढं पाहिजे. ती आणि मी, दोघं एका वेळी जागे, एका टेबलाशी, आणि खिडकीबाहेर रस्ता. लेणी बघू, भुसावळला तिच्या बहिणीकडे राहू. घाई नाही.”

आणि पहिल्याच फेरीला आनंदीवहिनी व्याऱ्याला उतरल्या.

भांडून नाही. गाडी बाजूला घ्यायला सांगितलं, पिशवी घेतली, कमरेचा पट्टा आवळला आणि म्हणाल्या, “गाडीवर माझा राग नाही हो. पण माझ्या कमरेत आता एवढे धक्के मावत नाहीत.” कापडाचे ताके उचलून उचलून त्यांचा मणका सरकलेला. “तुम्ही गाडीने जा, मी रेल्वेने येते. पोचल्यावर भेटू.”

पोपट तिथूनच मागे फिरला. माझ्याकडे आला, ओट्यावर बसला. समोरच्या चहावर साय आली तरी कपाला हात लावला नाही.

“पोचल्यावर भेटू म्हणाली,” तो म्हणाला. “म्हणजे परत फाटकावरच भेटायचं आम्ही. ती या गाडीत पुन्हा बसायची नाही, हिलाल. विकून टाकतो.”

“थांब,” मी म्हणालो. “आधी मला खाली शिरू दे.”

मी चाळीस वर्षं ट्विस्टिंगच्या मशीनवर फिटर होतो. सुताला पीळ देणारी मशीनं ती. माझ्या हातून निघालेला धागा इतका पक्का असायचा, की एकदा उतरणीला, म्हणजे संक्रांतीला, खिडकीतून बॉबिन पडलं, तर त्याचं टोक कामरेजच्या एका माणसाच्या पतंगाला अडकलं आणि तो पतंग थेट मिलच्या चिमणीला येऊन बसला. हे सांगताना मी दोन्ही हात पसरून पतंग दाखवतो. उषाबाई म्हणते, दरवर्षी पतंग वीतभर वाढतो.

खाली शिरलो आणि लगेच कळलं. गाडीचं वजन लोखंडी पाट्यांवर असतं. पाट्याच्या टोकाला वाटोळं भोक, भोकात रबराचा बुश, बुशातून आरपार बोल्ट. चाक खड्ड्यात गेलं की पाटा हलतो, रबर जरासं पिळतं आणि परत येतं. लोखंडाला लोखंड भेटू द्यायचं नाही, एवढंच त्या रबराचं काम. पोपटच्या गाडीतलं रबर झिजून पापुद्रा झालं होतं. बोल्ट आणि भोक यांच्यामध्ये माझी करंगळी जात होती. एका पाट्याला तीन बुश, दोन टोकांत दोन आणि टांगायच्या कडीत एक; असे चार पाटे. बाराही गेलेले.

“बारा बुश बदलले,” मी बाहेर येऊन म्हणालो, “की तुझी गाडी पाण्यावरून चालल्यासारखी चालेल. वहिनी टेबलावर काठोकाठ चहा ठेवतील, पण थेंब सांडायचा नाही.”

“थापा नको मारूस.”

“हा चहा पी आधी. गार झाला.”

नवे बुश कामरेजच्या ललितकडून आणले. तो जुन्या गाड्यांचे सुटे भाग ठेवतो, भला माणूस, आम्हाला दोघांनाही काका म्हणतो. गाडी उचलायची म्हणून आधी हलकी केली. पलंग, शेगडी, सिलिंडर, गव्हाची पेटी, डबे, पाण्याची टाकी रिकामी करून तीसुद्धा, सगळं गल्लीत मांडलं. पलीकडचा धुडकू सायकलवरून जाता जाता थांबला.

“काय पोपटभाऊ, खोली खाली करायला लावली का?”

“नाही रे, गाडी खाली केली.”

“भाडेकरू कोण होता गाडीत?”

“तू जा ना तुझ्या कामाला,” पोपट म्हणाला. धुडकू गेला नाही. पलंगावर बसून त्याने सगळं काम शेवटपर्यंत पाहिलं आणि मधूनमधून चुका काढल्या. खरी चूक मात्र त्यालाही दिसली नाही.

गाडी जॅकवर घेऊन लाकडी ओंडक्यांवर टेकवली. चारही चाकं हवेत. पाटे सोडवून रिक्षाने पांडेसऱ्याला नेले, तिथे प्रेसवर जुने बुश दाबून बाहेर काढले. एक बुश इतका रुसला, की प्रेसवाल्याने त्याच्याशी अर्धा तास गोड बोलून त्याला बाहेर बोलावलं. नवे बसवताना साबणाचं पाणी लावलं, कारण तेल लागलं की रबर फुगून मऊ पडतं. पाटे परत जागेवर चढवले, बोल्ट घातले आणि पान्याला लोखंडी पाइप अडकवून मी एकेक बोल्ट असा कसला, की पुढच्या जन्मी येऊन मीच तो सोडवायचा.

चाळीस वर्षांची सवय. मिलमध्ये फिटरचा एकच कायदा असतो. मशीन रिकामं असताना कसायचं, मग माल चढवायचा. माल चढलेल्या मशीनला पाना लावला तर जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, शिव्या घालायचा. मी गाडीलाही तोच कायदा लावला. रिकामी, हवेत लटकलेली, आणि आवळली गच्च.

गाडी खाली उतरवली, संसार आत चढवला. पोपट कामरेजला फेरी मारून आला. चेहरा नवरदेवासारखा.

“हिलाल! आवाजच नाही रे! मला वाटलं गाडी बंद पडली की काय, दोनदा उतरून बघितलं.”

आनंदीवहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी आयुष्यभर फोल्डिंगमध्ये कापड तपासलेलं, त्यांचा हात कापडावरून फिरला की डाग आपण होऊन वर यायचा.

“पहिल्या मीटरला सगळंच कापड चांगलं दिसतं,” त्या म्हणाल्या. “पंधरा दिवस चालवा. पंधरा दिवसांनीही गाडी अशीच राहिली, तर बसते. नाही राहिली, तर मग मला पुन्हा विचारायचं नाही.”

“कबूल,” पोपट म्हणाला. मीही म्हणालो. मला कोणी विचारलं नव्हतं.

बाराव्या दिवशी गाडी बोलायला लागली. आधी बारीक, चूं चूं. तेराव्या दिवशी धडधड. पोपट गाडी गल्लीच्या तोंडाशीच उभी करून पायी घरी आला, वहिनींच्या कानावर आवाज जाऊ नये म्हणून.

“काय झालं रे हे?” त्याने मला विचारलं.

आणि मी पटकन बोलून गेलो, “रबरच हलकं. ललितने माल खराब दिला.”

बोललो तेव्हा ते मला खरंच वाटत होतं. निदान अर्धं. पोपट त्याच पावली कामरेजला गेला. ललितच्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर त्याला नाही नाही ते बोलला. ललितने तिथल्या तिथे नवं खोकं उघडलं. “काका, बीजो सेट लई जाओ,” म्हणाला आणि नवे बारा बुश पिशवीत घालून दिले, “रबर खराब हशे तो मारी भूल.” रबर खराब असेल तर चूक माझी, असं तो पोरगा भरल्या दुकानात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच जाऊन मागचा एक बोल्ट सोडवला. फाटलेला असल्यामुळे बुश प्रेसशिवायच हातात आला, तो उन्हात धरला.

रबर झिजलेलं नव्हतं. ते तिरकं फाटलं होतं, गोल गोल, जिन्यासारखं. ती चीर मी चाळीस वर्षं ओळखत होतो. जास्त पीळ बसलेला धागा असाच तुटतो. हवेत लटकताना पाटा कमानीसारखा वाकलेला असतो, वजन आलं की सपाट होतो. मी बोल्ट कसला तो कमान असताना. रबर त्याच जागी पकडलं गेलं. मग वरून पलंग आला, गहू आला, पाणी आलं, पाटा सपाट झाला, आणि बिचारं रबर उभ्या गाडीतसुद्धा रात्रंदिवस पिळलेलंच राहिलं. वर प्रत्येक खड्ड्याचा पीळ वेगळा. बारा दिवस टिकलं हीच ललितच्या मालाची कमाल.

घरी येऊन बुश देवळीत ठेवला. जेवायला बसलो आणि देवळीकडेच बघत राहिलो.

“जेवन थंडं व्हई ऱ्हायनं,” उषाबाई म्हणाली. “काय व्हयनं?”

“काही नाही.”

“तुमी काही नाही म्हंतस तवय काहीतरी ऱ्हास.”

मी तिला सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि पोळी वाढत म्हणाली, “मंग जा ना. सांगा त्यास्ले.”

संध्याकाळी गेलो. पोपट आणि आनंदीवहिनी ओट्यावर बसले होते. उषाबाई माझ्यामागून आली होती, मी मध्येच वळू नये म्हणून. मी खाली बसलो, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“पोपट, रबर चांगलं होतं. ललितची चूक नाही. मी बोल्ट गाडी हवेत असताना कसले, म्हणून ते पिळून फाटलं. ते गाडी जमिनीवर घेऊन, सगळा संसार चढवून कसायला पाहिजे होते. चूक माझी.”

पोपट हसायला लागला. “आज हे काय नवीन? ललितने काय खाऊ घातलं तुला?”

“अरे, खरं सांगतोय.”

“त्या पोराची दया आली ना तुला? मी बोललो ते जास्त झालं, मान्य. पण त्याच्यासाठी एवढी मोठी गोष्ट रचायची? उभ्या गाडीत रबराला पीळ बसतो म्हणे! उद्या सांगशील, त्या पिळाने गाडी आपोआप भुसावळला गेली.”

“पोपट, अरे…”

“चाळीस वर्षांचा फिटर आणि बोल्ट कसायला चुकला? दुसऱ्या कोणाला सांग.”

लोण्यावर विश्वास ठेवला, पतंगावर ठेवला, चिमणीवर ठेवला. पहिल्यांदा खरं बोललो तर माणूस पोट धरून हसतो. मी उषाबाईकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून तिसरीकडेच बघत होती.

“ते खरं बोलतायत,” आनंदीवहिनी म्हणाल्या.

पोपटचं हसू थांबलं. “तुला काय माहीत?”

“हिलालभाऊ थाप मारतात तेव्हा त्यांचे हात चालतात. लोणी एवढं, पतंग एवढा. आज दोन्ही हात गुडघ्यांवरच आहेत. मघापासून बघतेय मी.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “दुरुस्त होईल?”

“होईल. ललितचा दुसरा सेट आहेच. यावेळी बोल्ट सैल ठेवायचे, गाडी चाकांवर घ्यायची, सगळं सामान चढवायचं आणि मग खाली शिरून कसायचे. प्रवासात गाडी जशी भरलेली असते, अगदी तशी पाहिजे. टाकी काठोकाठ, सिलिंडर, गव्हाची पेटी, डबे, पोपट स्टिअरिंगवर…” इथे मी थांबलो. “आणि तुम्ही खिडकीशी, तुमच्या जागेवर. तुमच्या वजनाशिवाय बोल्टची जागा बरोबर लागायची नाही.”

पोपट श्वास धरून बसला होता.

“मी त्या गाडीत बसणार नाही म्हटलंय,” वहिनी म्हणाल्या.

“गाडी चालणार नाही. चारही चाकांना विटा लावतो. तुम्ही फक्त बसायचं.”

त्यांनी एकदा माझ्या हातांकडे पाहिलं. “बरं,” म्हणाल्या. “नुसतं बसायचं. तेवढंच.”

दोन दिवस लागले. पुन्हा संसार गल्लीत, पुन्हा धुडकू पलंगावर. तिसऱ्या दिवशी सकाळी नवे बुश बसवून, बोल्ट हाताने फिरतील इतके सैल ठेवून, गाडी खाली घेतली. खाली शिरायला जागा हवी म्हणून प्रत्येक चाक दोन जाड फळ्यांवर चढवलं, पुढेमागे विटा लावल्या. मग सामान चढलं. टाकी भरली. पोपट अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्टिअरिंगवर जाऊन बसला, जणू राज्याभिषेक आहे.

सगळ्यात शेवटी आनंदीवहिनी चढल्या. त्या खिडकीशी बसल्या तेव्हा पाटे कणभर खाली गेले. कणभरच. मी खालून पाहिलं.

पहिला बोल्ट कसला. दुसरा. पाइप लावावा लागला, पण बेताने. सकाळचं ऊन गाडीखाली तिरकं येत होतं. वरून काडी ओढल्याचा आवाज आला, शेगडीचा, भांड्याचा. आल्याचा वास फळ्यांच्या फटीतून खाली उतरला.

“साखर किती?” वहिनींचा आवाज.

“तुला माहीत नाही?” पोपटचा.

“कधी केलाय मी तुमचा चहा? तुम्ही उठायचात तेव्हा मी मिलमध्ये. तुम्ही पाच वाजता स्वतःच करून प्यायचात.”

पोपट म्हणाला, “दीड चमचा.”

“जास्त आहे. एक देते.”

मी चौथ्या बोल्टला होतो. मुद्दाम हळू केलं. आयुष्यात एवढं हळू काम मी कधी केलं नाही. वर दोघं काय काय बोलत होते. डाइंगमधला चिंधा मास्तर अजून आहे का, फाटकाजवळचं निंबाचं झाड कोणी तोडलं, बहिणीला काय न्यायचं. मध्येच बश्यांचा आवाज. बाराव्या बोल्टला पोचेपर्यंत माझी पाठ जमिनीला चिकटली होती.

“हिलालभाऊ,” वरून हाक आली. अगदी माझ्या डोक्यावरच्या फळीतून. “माझ्या जागी पन्नास किलोची गोणी ठेवली असती, तरी चाललं असतं ना?”

मी शेवटचा आटा आवळून पाना थांबवला. “तुम्हाला कसं कळलं?”

“त्या संध्याकाळी बाकी सगळं सांगताना तुमचे हात गुडघ्यांवर होते. माझी जागा सांगताना उजवा हात वर गेला.”

“चाललं असतं,” मी म्हणालो. “पण गोणीला चहा येत नाही, वहिनी.”

वर पोपटला काय चाललंय ते कळेना. “कसली गोणी? कोणाचा हात?”

“काही नाही. तुम्ही गाडी चालू करा,” वहिनी म्हणाल्या.

“आं?”

“चालू करा म्हणतेय. बसलेच आहे तर आता कशाला उतरू?”

आणि त्या खुळ्याने आनंदाच्या भरात किल्ली फिरवली! इंजिन माझ्या कानाशी गरजलं. मी खालून असा ओरडलो, की पांडेसऱ्यात दोन मिलवाल्यांना पाळी सुटल्यासारखं वाटलं आणि त्यांनी फाटकं उघडली. विटा होत्या, फळ्या होत्या, गाडी जागची हलली नाही. पण मी मात्र सरपटत असा बाहेर आलो, की धुडकू अजून तसं चालून दाखवतो.

विटा काढल्या, फळ्यांवरून गाडी अलगद उतरवली. वहिनींनी खिडकीतून हात बाहेर काढला.

“उषाबाई, या. हिलालभाऊ, तुम्हीही. आधी कामरेजला जायचं. त्या ललितला तुम्ही दोघांनी त्याच्या गिऱ्हाइकांसमोर सांगायचं, चूक कोणाची होती ते. मग पुढचं.”

“आज?” पोपट म्हणाला.

“बोललात ते चार दिवसांपूर्वी. आजही उशीरच आहे.”

गेलो. सगळा रस्ता मी वहिनींच्या कपाकडे बघत होतो. अर्धा भरलेला होता आणि अर्धाच राहिला. कामरेजच्या दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. पोपटने हात जोडले, मी बोललो, हात खिशात घालून, म्हणजे कोणाला शंका नको. ललित लाजला, “अरे काका, रहेवा दो,” म्हणाला आणि बाहेर येऊन वहिनींना नमस्कार करून गेला. त्यांची कमर दुखली का असं मी विचारलं. “दुखतेय,” त्या म्हणाल्या. “घरी बसल्यावर दुखते तेवढीच.”

परतताना पोपटने मुद्दाम दुधाची पिशवी घेतली आणि टेबलावर ठेवली. बमरोलीत पोचलो, उषाबाईने ती उचलून हलवून पाहिली. नुसतं दूध. लोण्याचा कण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, मिलची पाळी बदलते त्या वेळी, बिऱ्हाडगाडी गल्लीतून निघाली. डबा एकच होता, मोठा, आणि तो टेबलावर होता.

नुकसान झालं ते आमचंच. उषाबाईला आता तूप विकत आणावं लागतं.